वच्छलाकाकूचा न मळलेला पाव

आमच्या खानावळीच्या दारावर गेल्या वर्षापर्यंत एक फ्लेक्स होता. त्यावर माझ्या काकूचा उजवा हात छापलेला, तापलेल्या तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटणारा, आणि खाली लाल अक्षरांत, ‘चटका न लागणाऱ्या हाताची भाकरी.’ तो फ्लेक्स मी फाडला. कात्री शोधत बसले नाही, नखांनी फाडला, आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. उलट इतकी वर्षं रोज त्याच्याखालनं ये-जा करत होते, याचाच राग येतो.

काकूचं नाव वच्छला. माझ्या थोरल्या काकांची, धोंडीकाकांची बायको. माहेर करमाळ्याकडचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली आणि तिसऱ्या दिवशी सासूनं, म्हणजे माझ्या चांगुणाआजीनं, तिला चुलीपुढं बसवलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आजीच्या नावाची खानावळ आहे, आणि खानावळीच्या मागच्या दोन खोल्यांत घर. पुढं गल्ल्यावर धाकटे काका रावसाहेब, पंगतीत वाढायला धोंडीकाका, आणि मागं चुलीपुढं काकू. तेहतीस वर्षं माणसं जागेवरनं हललेली नाहीत.

ज्वारीची भाकरी खाणाऱ्याला वाटतं, थापली की झाली. थापणं शेवटचं काम. आधी पीठ मळायचं, तेही एकदम नाही. प्रत्येक भाकरीचा गोळा वेगळा, गरम पाण्यात, तळहाताच्या बुडानं परातीत रगडून रगडून. रगडणं कमी पडलं की कडा चिरल्याच. दिवसाला दोनशे भाकरी. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की चारशे, आणि लोकांना घरी न्यायला कडक भाकरी लागतात त्या वेगळ्याच. हे सगळं एका बाईच्या दोन मनगटांवर चाललं होतं आणि घरातल्या कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

मी अपेक्षा. माझे वडील तिसरे भाऊ, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मला सोलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मी काकूकडं राहायला आले. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको.

काकू मात्र थंड. चुलीपुढं बसूनसुद्धा थंड. बाकड्याखालच्या चपला बघून ती सांगायची, हा गडी किती भाकरी खाणार. “टाच झिजलीया, म्हंजे चार. बूट हायत, म्हंजे दीड टाकून उठणार.” आणि नेमकं तसंच व्हायचं. चेष्टेत मी म्हणायचे, काकू, तू माझ्या लॅबमध्ये ये, सुई न टोचता रिपोर्ट देशील. त्यावर ती पदर तोंडाला लावून हसायची. तिला मोठ्यानं हसताना मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

तव्यावरची भाकरी ती बोटांनी उलटायची. चिमटा नाही, फडकं नाही. गिऱ्हाइकं मान वाकडी करून बघायची आणि रावसाहेबकाका गल्ल्यावरनं कौतुकानं सांगायचे, “आमच्या वहिनीला चटकाच लागत न्हाय बघा. वरदान हाय.” वरदान म्हणे. एकदा एका पोरानं तिचा व्हिडिओ काढून टाकला, तो खूप जणांनी पाहिला, आणि त्यातनंच तो फ्लेक्स आला.

हळूहळू मला बाकीचं दिसायला लागलं. पहाटे उठली की काकू दोन्ही हात झटकत बसायची, हातात मुंग्या आल्यासारखे. तिच्या हातनं पेला निसटायचा. ब्लाउजचे हूक तिला लावता येईनात, ते मी लावून द्यायला लागले. मीही मूर्खच. लोकांच्या रक्तातली साखर मोजून पोट भरते, आणि रोज सकाळी काकूचे हूक लावताना एकदाही विचारलं नाही की तुझ्या बोटांना झालंय काय. वय झालं असेल, असं मीपण म्हणून टाकलं. मग तिच्या भाकरीच्या कडा चिरायला लागल्या. एका गिऱ्हाइकानं ताटात भाकरी परत पाठवली, तेव्हा रावसाहेबकाका आत येऊन म्हणाले, “वहिनी, ध्यान कुटं हाय तुमचं?” काकूनं नवा गोळा घेतला. त्या दिवशी तिनं मला सांगितलं, “पीठ रगडायला जोरच लागंना गं. मनगटात काय न्हाईच असं वाटतंय.”

तो मे महिना होता. मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, न मळता घरी पाव करायचा. पातेल्यात पीठ, मीठ, चिमूटभर यीस्ट आणि पाणी. चमच्यानं कालवायचं, झाकायचं, आणि आपल्या कामाला लागायचं. मला वाटलं, काकूला गंमत वाटेल. तेवढाच तिच्या मनगटाला विसावा.

“आणि मळायचं कुणी?” काकूनं विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग त्याचा पाव हुतो कसा?”

“आपोआप.”

“आपोआप कायबी हुत न्हाय गं बाई,” ती म्हणाली, पण डोळे मोबाईलवरनं हलले नाहीत.

कोपऱ्यावरच्या बेकरीतनं पुडीभर यीस्ट आणलं. अर्धं गव्हाचं पीठ, अर्धा मैदा घेऊन काकूनं संध्याकाळी ते कालवलं आणि झाकून ठेवलं. चांगुणाआजीनं झाकण उघडून पाहिलं आणि तिचा पारा चढला. मळलेलं पीठ रात्रभर घरात ठेवायचं नाही, ते पिंडासारखं दिसतं, घरात नको ते येतं, असं आमच्याकडं मानतात. आजी पातेलं उचलून बाहेर टाकायलाच निघाली.

“आत्या,” काकू सासूला शांतपणे म्हणाली, “मळल्यालं कुटं हाय? ह्ये मळल्यालंच न्हाय. चमच्यानं ढवळलंय नुसतं.”

आजी दारात थांबली. पंचाऐंशी वर्षांत तिच्यापुढं हा मुद्दा कुणी मांडला नव्हता. बराच वेळ पातेल्याकडं बघून ती म्हणाली, “मग असू दे,” आणि पातेलं परत ठेवलं.

व्हिडिओतली बाई म्हणाली होती, बारा ते अठरा तास ठेवा. सकाळी उठून बघतो तर पीठ पातेल्याबाहेर उतू गेलेलं, खाली बसलेलं, आंबट वास. काकूनं वास घेतला. “ही आंबील झाली की. त्या बाईला म्हणावं, सोलापूरला ये मे महिन्यात.” दुसऱ्या वेळी तिनं घड्याळ बाजूला ठेवलं. सकाळी दहाला कालवलं आणि आंबिलीचं पीठ बघतात तसं अधनंमधनं वास घेऊन, वरचे बुडबुडे बघून ठरवलं. सव्वादोनला म्हणाली, “झालं बघ. आता थांबलं तर बिघडंल.” बारा तासांचं काम सव्वाचार तासांत, आणि कुणी शिकवलेलं नाही. ह्या बाईला आमच्या घरानं तेहतीस वर्षं फक्त रगडायला लावलं.

घरात ओव्हन नव्हता. मागल्या अंगणातल्या चुलीत दुपारचे निखारे शिल्लक असायचे. काकूनं बिडाची जुनी कढई चुलीवर तापवली, पिठाचा गोळा त्यात सोडला, वर बिडाचाच जड तवा झाकला आणि त्या तव्यावर फावडीभर निखारे ठेवले. खालनं विस्तव, वरनं विस्तव. पाऊण तास गेला. भाजल्या गव्हाचा वास घरभर पसरला, तशी आजी काठी टेकत अंगणात आली.

मी फडकं आणायला आत वळले. परत येते तर काकूनं वरचे निखारे सांडशीनं काढले होते आणि तो लालबुंद तवा कानाला धरून नुसत्या हातानं उचलून बाजूला ठेवत होती. सुर्रर्र असा आवाज आला. मला आधी वाटलं, पावाचा आवाज. मग वास आला. जळक्या कातडीचा. मी तिचा हात धरून उलटा केला, तर अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली.

काकू पावाकडं बघत होती. पाव फुगून वर आला होता, वरचं कवच तडतड तडकत होतं. “बोलतंय की गं ते,” ती म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना ऐकलं. हात माझ्या हातात, कातडी लोंबतेय, आणि ती हसतेय. तिला काहीही कळलं नव्हतं.

“काकू, तुला दुखत नाही?”

“कुटं काय? मला न्हाय लागत चटका. तुला ठावं हाय की.”

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ राग आला. चटका लागत नव्हता, कारण बोटं मेली होती. आम्ही त्या मेलेल्या बोटांचा फोटो काढून दारावर लावला होता.

आजीनं त्या दिवशी पावाचा मऊ गाभा आमटीत बुडवून खाल्ला. तिला दात नाहीत, भाकरी चावत नाही. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “न मळता हुतंय म्हणायचं. मग हिला इतकी वरसं कशापायी मळाय लावलं आमी?” काकू हाताला मलम लावून घेत होती. ती म्हणाली, “ज्वारीला चिकटपणा नसतो आत्या. ज्वारी रगडल्याशिवाय हुत न्हाय.” तिनं सासूला असं सोडवलं. मी सोडवलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी तिला मी डॉक्टर पंचाक्षरींकडं नेलं. त्यांनी हाताला तारा लावून, बारीक करंट सोडून तपासणी केली. मनगटातनं बोटांकडं जाणारी नस दाबली गेली होती, रोजच्या त्या रगडण्यानं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो काकूच्या हाताला उरलाच नव्हता, सपाट पाट झाला होता. डॉक्टरांनी टाचणी टोचली, काकू खिडकीबाहेर बघत राहिली.

“किती दिवसांपासून असं आहे?” त्यांनी विचारलं.

“चटका लागंना झाल्याला? सात-आठ वरसं झाली असतील.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे, नस मोकळी करायची. लवकर केलं तर बोटांत जाण परत येईल. जितका उशीर, तितकी नस मरत जाईल, आणि एकदा पूर्ण मेली की मग कुणाच्या बापाला आणता येणार नाही. मळणं आजपासून बंद. हे मी घरी सगळ्यांना बसवून, एकेक शब्द मोजून सांगितलं.

तर रावसाहेबकाका काय म्हणाले? “करू की ऑपरेशन. नको कोण म्हणतंय? पण ही लगीनसराई निघू दे.” लगीनसराई निघाली. मग पावसाळ्यात बदलीची बाई मिळेना. मग नवरात्र आलं. मग म्हणाले, “आता गड्डा झाल्यावरच करू, दारावर फ्लेक्स लावलाय, लोक वहिनींचा हात बघाय येत्यात.” दर वेळी ह्यांना ‘एवढं एकच’ हवं असायचं. मळायला एक बाई ठेवली, ती दोन आठवड्यांत पळाली, शहाणी होती. काकू पुन्हा परातीपुढं. मी भांडले, ओरडले, एकदा परात उचलून अंगणात भिरकावली. काकूनं ती धुऊन परत आणली. आणि धोंडीकाका? ते आमटीची बादली घेऊन ह्या दारातनं त्या दारात. तोंडाला कुलूप. माझा सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर होता, कारण रावसाहेबकाकांना निदान आपण काय करतोय ते माहीत होतं.

रविवारी दुपारी मात्र काकू पाव करायची. ते तिचं तिचं होतं. कधी त्यात लसूण, कधी कारळं, कधी शेंगाचटणी. रावसाहेबकाका कुत्सितपणे म्हणायचे, “आळशी पाव. हातपाय न हलवता केल्यालं अन्न अंगी लागतंय व्हय?” ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि कढईला कान लावून बसायची.

दिवाळीला तिची लेक वैष्णवी होटगीहून आली, आठ महिन्यांची मुलगी घेऊन. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या पोरीला फणफणून ताप आला आणि झटका आला. डोळे फिरले, अंग ताठ झालं. रिक्षात घालून पळालो. तीन दिवस दवाखान्यात होती, मग बरी झाली. डॉक्टर वैष्णवीला रागावले, ताप सकाळपासून असणार, पोरीला दुपट्यात गुंडाळून का ठेवलं म्हणून. वैष्णवी रडली आणि काही बोलली नाही.

त्यानंतर काकू बदलली. पोर घरी आली त्याच दिवशी ती मला म्हणाली, “अपेक्षा, त्या ऑपरेशनची तारीख घे.” मी म्हटलं, गड्डा आहे ना. ती म्हणाली, “घे म्हणलं की.” सहा महिने मी डोकं आपटत होते, तेव्हा नाही, आणि आता आपण होऊन. मला कारण कळलं नाही, विचारलंही नाही, पुन्हा फिरली तर काय घ्या. सरकारी योजनेतनं होणारं ऑपरेशन, तारखेला रांग होती. दोन डिसेंबर मिळाली.

दोन तारखेला सकाळी आम्ही दोघी उपाशीपोटी, पिशवी घेऊन दवाखान्यात हजर. खिडकीवर कल्लप्पा नावाचे कारकून होते. त्यांनी वही बघितली, चष्मा वर केला. “तुमचं कालच कॅन्सल झालंय की. घरनं फोन आला होता, पेशंटला जमणार नाही म्हणून. तारीख पुढच्याला दिली आम्ही.”

“फोन कुणी केला?”

“गडी माणूस होता. घरचाच म्हणाला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूला म्हटलं, इथंच बस, आणि रिक्षा करून थेट खानावळ गाठली. पंगत बसली होती. दारावरचा फ्लेक्स मी तेव्हाच फाडला, तुकडे करून गल्ल्यावर टाकले आणि रावसाहेबकाकांना म्हटलं, “तुम्ही माणूस आहात का? सख्ख्या भावजयीचा हात विकून खाता?” आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. जेवणारी माणसं घास धरून बसली.

“मी न्हाय केला फोन,” रावसाहेबकाका म्हणाले. “मला अडवायचं असतं तर तोंडावर अडवलं असतं. कवा भिलोय का मी तुला?”

हे खरं होतं. तेव्हा मागनं आवाज आला, “मी केला.”

धोंडीकाका आमटीची बादली धरून उभे होते.

“डॉक्टर म्हणाला हात चिरायचा,” ते म्हणाले. “चिरला आणि गेला तर? आमच्या आईनं तिला ह्या घरात कशासाठी आणली, मला ठावं हाय. तो हात हाय म्हणून तिला हितं मान हाय. हात गेल्यावर हिला कोण इचारणार हाय? मी? मला कोण इचारतंय हितं?” त्यांच्या बादलीतली आमटी हिंदकळून पायावर सांडत होती. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. बायकोला एका शब्दानं न विचारता तिच्या हाताचा निकाल लावणाऱ्या माणसाची कीव मला आजही येत नाही.

काकू माझ्या मागनं दुसऱ्या रिक्षानं आली होती. दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती आत आली, पंगतीच्या मधनं चालत काकांसमोर गेली. आवाज चढवला नाही.

“दिवाळीत पोर किरकिर करत हुती,” ती म्हणाली. “वैष्णवी मला म्हणाली, आई, बघ गं, हिचं अंग गरम लागतंय का. मी बोटं लावली कपाळाला. गालाला लावली. मानंला लावली. मला कायच कळंना. गार न्हाय, गरम न्हाय, पोर हाय का लाकूड हाय ते कळंना. आता कळत न्हाय म्हणून लेकीला कसं सांगू? मला लाज वाटली. मी म्हणलं, गार हाय गं, काय न्हाय, गुंडाळ दुपट्यात आणि निजव.”

पंगतीतल्या एकानं हातातला घास परत ताटात ठेवला.

“वैष्णवीनं डॉक्टरची बोलणी खाल्ली, पण माझं नाव सांगितलं न्हाय. मला अजून एका शब्दानं बोलली न्हाय ती. पोर वाचली, ते तिचं नशीब. मी तर मारलीच हुती.” मग ती काकांकडं बघून म्हणाली, “तुमी रोज माझ्यापास्नं दोन हातांवर उभं असता. तेहतीस वरसं. तुमाला दिसलं न्हाय?”

काकूनं त्यांच्या हातातली बादली घेतली, खाली ठेवली आणि मला म्हणाली, “चल. तितंच जाऊन बसू. कवातरी घेतीलच की.”

आम्ही जाऊन कल्लप्पांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसलो. ते म्हणाले, बाई, घरी जा, तारीख आली की कळवू. काकू म्हणाली, “मी हाय हितं.” संध्याकाळपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता, एक पेशंट आलाच नाही, आणि तिला आत घेतलं. धोंडीकाका बाहेर भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना बाकावर बस म्हटलं नाही.

तो गड्डा काकूशिवाय झाला. रावसाहेबकाकांनी तव्यावर दोन बायका ठेवल्या आणि पहिल्याच दिवशी मी त्या दोघींच्या हातात चिमटे दिले. काका तोंड उघडणार होते, पण माझ्याकडं बघून त्यांनी ते मिटलं. काकू डाव्या हातात लाकडी चमचा धरून पाव कालवायला लागली. पावाला दोन हात लागतच नाहीत. आठवड्याला दोन, मग चार. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्या, दात नसलेल्या, आमटीबरोबर मागून न्यायला लागल्या. आजी त्यांना दारात सांगते, “मळल्याला न्हाय, खा बिनघोर.”

आठ महिन्यांनी डॉक्टर पंचाक्षरींनी पुन्हा टाचणी टोचून बघितली. दोन बोटांत जाण परतली होती. अंगठ्यात नाही. अंगठा गेला, तो आता यायचा नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर, असंही म्हणाले. काकू म्हणाली, “दोन बोटं लई झाली डॉक्टर.” मी मात्र घरी येईपर्यंत मनातल्या मनात एकेकाला शिव्या घालत होते, आणि त्यात मी स्वतःलाही सोडलं नाही.

ह्या गणपतीत वैष्णवी होटगीहून आली. पोर आता दीड वर्षाची, घरभर धावते. दुपारी खेळून खेळून तोंड लाल करून आली आणि काकूच्या मांडीवर पडली. काकूनं दोन बोटं तिच्या कपाळाला लावली आणि तशीच ठेवली. तिचे डोळे मिटलेले होते. मी बघत होते, कारण त्या बोटांना आता कळतं, हे मला माहीत होतं.

“गार हाय,” काकू म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “अपेक्षा, तूबी बघ जरा.”

मी हात लावला. पोर गार होती. “गार आहे काकू.”

“व्हय ना?” ती म्हणाली. मग तिनं आत हाक मारली, “वैष्णवी, ये गं हिकडं. तू एकदा बघ.”